डोरीनचा शनिवार

डोरीन फिफील्ड चिडली की तिच्या गळ्यावर लाल चट्टे उठतात. कानाखालून सुरू होतात आणि कॉलरच्या आत उतरतात. चेहरा मात्र थंड, आवाजही थंड. म्हणून तिच्या वर्गातली पोरं काय आणि आम्ही कॉर्लीचे गावकरी काय, तिच्या तोंडाकडे कुणी बघत नाही. गळ्याकडे बघतो आणि अंदाज घेतो.

आठवडाभर ती खोऱ्यातल्या हायस्कुलात अमेरिकेचा इतिहास आणि राज्यकारभार शिकवते. आणि मार्चमधल्या पहिल्या मंगळवारी गावसभेच्या खुर्चीत बसते, हातात लाकडी हातोडी घेऊन. वर्षभर पोरांपुढे घसा कोरडा करून ती जे सांगते, ते त्या एका दिवशी डोळ्यांनी दिसतं, असं तिचं म्हणणं. आमच्याकडे, व्हरमाँटच्या डोंगरात, गावाचा मालक कोण, तर त्या दिवशी टाउन हॉलच्या बाकावर येऊन बसलेला माणूस. रस्त्याला खडी किती, पुलाला कठडा कधी, शाळेची बस कुठपर्यंत, सगळं बोलून, भांडून, हात वर करून ठरायचं. मध्ये जेवण. जेवणात बीन्स.

डोरीनच्या वर्गाचं एक होतं. फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात सप्टेंबरमध्ये ती तीन प्रश्न लिहायची आणि ते जूनपर्यंत पुसायचे नाहीत. कोण ठरवतं? त्याला ठरवायचा हक्क कुणी दिला? आणि ठरवलं तेव्हा खोलीत कोण नव्हतं? झाडूवाल्यालासुद्धा माहीत होतं की तेवढा कोपरा सोडायचा. धडा कुठलाही असो, यादवी युद्ध असो की सर्वोच्च न्यायालय, ती खडू घेऊन त्या कोपऱ्याशी जाऊन उभी राहायची आणि पोरं मनातल्या मनात म्हणायची, आली पुन्हा.

"बाई, पण ह्याचं उत्तर काय लिहायचं?"

"तयार उत्तर नाहीये. म्हणून तर विचारतेय."

"मग मार्क कशावर देणार?"

"तू किती डोकं खाजवलंस त्यावर."

मागच्या बाकावरचा ट्रॅव्हिस म्हणाला, "बाई, आमच्या घरी आई ठरवते. बाबांना फक्त वाटतं की ते ठरवतात."

वर्ग हसला. डोरीन हसली नाही. "मग वॉशिंग्टनमध्ये काही निराळं चालतं असं वाटतं का तुला? त्यावर लिही."

"लिहायचं? मी तर गंमत केली हो."

ट्रॅव्हिसनं लिहिलं नाहीच. आणि त्याच सुमारास मुख्याध्यापकांनी छापील प्रश्नोत्तरांचे गठ्ठे आणून ठेवले. सिनेटर किती, कलम कितवं, कुठला राष्ट्राध्यक्ष कितवा. चार पर्याय, एकावर गोल. ह्यात पास झाल्याशिवाय दाखला नाही, असा शाळेचा नवा नियम. पोरांना केवढा आनंद झाला! शेवटी एकदाची उत्तरं मिळाली. डोरीनच्या गळ्यावर चट्टे उठले. तिनं गठ्ठे वाटले, पाठ करून घेतले, आणि उरलेल्या वेळात कोपऱ्यातल्या प्रश्नांकडे बोट दाखवत राहिली. त्यातही गंमत अशी की पोरांनी त्या प्रश्नांचीही उत्तरं पाठ करून टाकली. घटना लिहिली तेव्हा फिलाडेल्फियाच्या त्या बंद खिडक्यांच्या दालनात कोण नव्हतं? बायका, गुलाम, इथले मूळचे लोक. वर्गानं एका सुरात म्हणायचं, पाढ्यासारखं. खडू घेऊन स्वतःच्याच डोक्यात मारावा असं तिला वाटायचं.

त्या वर्षी नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी, तिनं परीक्षेत तिसरा प्रश्न जसाच्या तसा टाकला. खोलीत कोण नव्हतं? सगळ्यांनी पाढा लिहिला. नोएल थिबोनं दोन शब्द लिहिले. माझी आई.

नोएल म्हणजे जोसेटची पोरगी. जोसेट वृद्धाश्रमात आयाचं काम करते. म्हाताऱ्यांना उठवायचं, धुवायचं, भरवायचं. बाप दुधाचा टँकर चालवतो. पोरगी बारीक, अबोल, आणि डोळे मात्र असे की समोरच्याच्या सदऱ्याचं निसटायला आलेलं बटण आधी दिसावं.

डोरीननं लाल शाईनं लिहिलं, "तुझी आई त्या काळी कुठून असेल?" आणि पेपर परत दिला.

तास संपल्यावर नोएल टेबलापाशी आली. "बाई, प्रश्नात तुम्ही साल नाही लिहिलं. नुसतं खोलीत कोण नव्हतं एवढंच आहे. मी आपल्या टाउन हॉलचं लिहिलं."

"म्हणजे?"

"आई गावसभेला कधीच नसते. मंगळवारी सकाळी दहाला सभा भरते, तेव्हा तिची पाळी असते. तिच्याबरोबरच्या कुणीच नसतात. बाबा तर तेव्हा टँकर घेऊन राज्याबाहेर असतात. माझ्या जन्मात ते दोघं एकाही सभेला गेलेले नाहीत."

डोरीननं पेपर परत घेतला, स्वतःचं वाक्य खोडलं आणि पूर्ण मार्क दिले. त्या संध्याकाळी ती गुणगुणत घरी आली, असं वेंडेल सांगतो. वेंडेल म्हणजे तिचा नवरा. मेपलच्या झाडांना नळ्या लावणं आणि रस आटवणं हा त्याचा धंदा, आणि बायकोच्या गळ्याकडे न बघता तिचा राग ओळखणारा गावातला तो एकटाच माणूस. "इतक्या वर्षांत एक तरी पोरगी स्वतःच्या डोळ्यांनी बघायला लागली," असं ती जेवताना म्हणाली म्हणे. दोनदा म्हणाली.

जानेवारीत नोएलनं अर्ज आणला.

तिला नुकतीच अठरा पूर्ण झाली होती, मतदार म्हणून नाव लागलं होतं. बर्फातून घरोघर फिरून तिनं सह्या गोळा केल्या. आया, टँकरवाले, बर्फ उपसणारे, गिरणीतले. मागणी अशी की यापुढे गावाचे सगळे प्रश्न सभेत हात वर करून ठरवायचे नाहीत. कागदावर छापायचे, दिवसभर मतपेटी ठेवायची, ज्याला जमेल तेव्हा त्यानं यावं, होय नाहीतर नाही अशी खूण करावी, चिठ्ठी टाकावी आणि आपल्या कामाला जावं. बाकावर बसणं नाही, बोलणं नाही. आजूबाजूच्या कितीतरी गावांनी हे केलंच होतं. तिथल्या टाउन हॉलमध्ये आता मार्चच्या मंगळवारी दोन बायका पेटीजवळ विणकाम करत बसलेल्या असतात.

सह्या पुरेशा होत्या. विषयपत्रिकेवर तो नववा विषय म्हणून लागला.

डोरीनचा जीव त्या खुर्चीत नव्हता, हे आम्ही शपथेवर सांगू. जीव त्या बोलण्यात होता. मागच्या बाकावरचा माणूस उठतो, टोपी चोळामोळा करत म्हणतो की अख्खा पूल नको, नुसता कठडा बदलू, आणि सगळं गाव मान डोलावून विचार बदलतं, हे तिनं कितीदा पाहिलं होतं. कागदावर टोपी चोळामोळा करता येत नाही. पण पोरगी खोटं बोलत नव्हती, हेही ती जाणून होती. प्रश्न तर तिचाच होता. फळ्यावर तिच्याच अक्षरात.

मग एका रविवारी, पॅनकेक उलटता उलटता, तिला सुचलं. "वेंडेल, सभा शनिवारी का नको?"

"कुणाची सभा?"

"आपली. कायद्यात बसतं. पदाधिकाऱ्यांची मतपेटीची निवडणूक मंगळवारीच राहू दे, पण बोलायची सभा आधीच्या शनिवारी घ्यायची. दुपारी. पोरं सांभाळायला शाळेतली मुलं बसवू. म्हणजे माणसंही येतील आणि बोलणंही राहील."

"ब्येस आहे की. सांग लोकांना."

"मी कशी सांगू? मी अध्यक्ष आहे."

"वर्षातून एक दिवस. उरलेले दिवस तू माझी बायको आहेस आणि मतदार आहेस."

"मी दुकानात एक बाजू घेतली आणि मंगळवारी खुर्चीत बसले, तर माझी हातोडी कोण मानेल?"

"नाही मानली तर नाही मानली. मला रोज मानावी लागतेय, मी मेलो का?"

ती ऐकेना. निःपक्षपात हा तिचा हट्ट होता, आणि हट्ट म्हटला की डोरीन आणि खेचर सारखंच. तिचं ठरलं. सभेत, योग्य वेळी, खुर्ची दुसऱ्याला द्यायची, खाली उतरून रांगेत उभं राहायचं आणि साध्या मतदारासारखं बोलायचं. एकदाच. नियमात हे चालतं. तोवर दुकानात नाही, पेट्रोल पंपावर नाही, कुणाला म्हणता कुणाला एक शब्द नाही. फेब्रुवारीभर लोक तिला विचारत होते, "डोरीन, तुला काय वाटतं गं?" आणि ती म्हणायची, "सभेला या." तो शनिवार तिच्या पोटात पडून राहिला.

मंगळवार उजाडला तो चिखल घेऊन. रात्री गोठलेलं, सकाळी वितळलेलं. टाउन हॉलच्या दारात बुटांचा ढीग नाही, बुटांसकट माणसं, आणि जमिनीवर नुसता रबडा. तळघरातल्या स्वयंपाकघरात बीन्सचे हंडे पहाटेपासून मंद आचेवर. डुकराची खारवलेली चरबी आणि मेपलचा पाक घालून. वेंडेलच्या झाडांना रस फुटला होता, पण तो आला. "आज रस वाहू दे मातीत," म्हणाला, आणि हे त्या माणसानं म्हणणं म्हणजे काय ते आम्हालाच माहीत.

मागच्या बाकांवर नवे चेहरे होते. नवे म्हणजे आमचेच, पण तिथे कधी न दिसलेले. वृद्धाश्रमातल्या आया, कोटाखाली फुलाफुलांचे गणवेश, सगळ्यांच्या मधोमध जोसेट. पाळ्या बदलून, कुणाकुणाच्या हातापाया पडून, बारापर्यंतची सुट्टी मिळवून आल्या होत्या. सभेला न बसता मत द्यायचा हक्क मागायला त्यांना आधी सभेला येऊन बसावं लागलं होतं, कारण हे एक मत सभेतच पडायचं.

पहिला विषय संपला आणि नोएल उठली. कान लाल झालेले.

"अध्यक्षबाई, विषय नववा आत्ता घ्यावा, असा माझा ठराव आहे."

"माझा पाठिंबा," जोसेट बसल्या जागेवरून ओरडली.

पुढच्या बाकावर ऑरिन बॅचेल्डर बसतो. वय ऐंशीच्या पुढं, गोठ्यात जन्म गेला, आवाज असा की गाय दोन कुरणं पलीकडून येते. तो मागं वळला. "का म्हणून? रस्ते सपाट करायच्या ग्रेडरचा विषय आधीचा हाय. ग्रेडर काय पळून चाललाय व्हय?"

"ग्रेडर नाही, आमची वेळ पळून चाललीय, ऑरिनकाका," जोसेट म्हणाली. "बाराला मला नऊ म्हाताऱ्यांना भरवायचंय. त्यातला एक तुमचा भाऊ आहे."

हशा झाला. डोरीननं हातोडी आपटली. "माझ्याकडे बघून बोला. एकमेकांत नाही. मतं घेते. बाजूचे?"

"होय!"

"विरुद्ध?"

"नाही!" आणि हा 'नाही' काय विचारता. पुढच्या बाकांवरच्या सगळ्या गोठेवाल्यांनी छातीतून काढलेला. खिडकीची काच थरथरली.

आता ऐका. अध्यक्षाच्या कानाला जे मोठं लागलं तेच खरं, हा नियम. डोरीननं "नाही जिंकलं" म्हटलं असतं तर नववा विषय जेवणानंतर आला असता. तोवर मागचे बाक रिकामे झाले असते आणि गावसभा वाचली असती. आक्षेप घ्यायला उठायचं असतं, हे त्या आयांना कुठलं माहीत. नोएलला माहीत होतं, पण पोरगी गोंधळली होती. आम्ही डोरीनच्या गळ्याकडे पाहिलं. चट्टे कॉलरच्या आत गेले होते.

"माझ्या कानाला पत्ता लागत नाही," ती म्हणाली. "उभे राहून दाखवा."

उभे राहिल्यावर दिसलं. आवाज पुढच्यांचा मोठा होता, माणसं मागची जास्त होती. नववा विषय आधी आला.

नोएल बोलली. चांगली बोलली, अडखळत, पण मुद्द्याचं. जोसेट बोलली. "मला इथं बसून भांडायची हौस नाही असं कुणी समजू नका. मला भांडायला आवडतं, घरी विचारा. पण ज्यांना मंगळवारी सुट्टी मिळते तेच गाव चालवणार, आणि आम्ही फक्त कर भरणार, ह्याला काय म्हणायचं?" मग मेपलचा पाक करणारा एक उठला. कागदावर 'ग्रेडर घ्यावा, होय की नाही' एवढंच येणार. 'नवा नको, जुनाच दुरुस्त करू' असं कुठल्या रकान्यात लिहायचं, असं त्यानं विचारलं. बरोबरच होतं तेही. सभा तापली. दोन्हीकडची माणसं रांगेत उभी राहायला लागली.

तेव्हा डोरीननं हातोडी खाली ठेवली. "मला स्वतःला ह्या विषयावर बोलायचंय. तोवर ही खुर्ची हॉलिसनं घ्यावी, चालेल का?"

हे कधी झालंच नव्हतं. हॉलिस, पंचांचा मुख्य, चांगला माणूस, पण स्वतःच्या कुत्र्यालाही 'बस' म्हणताना 'जमलं तर' म्हणेल असा. त्यानं हातोडी घेतली ती तापलेल्या तव्याचा दांडा धरल्यासारखी. डोरीन पायऱ्या उतरली आणि मधल्या वाटेतल्या माइकच्या रांगेत शेवटी उभी राहिली. पुढे दोघं. खिशातून तिनं चष्मा काढला, परत ठेवला. वेंडेल आमच्या बाकावर होता. त्यानं गुडघे घट्ट धरले.

पहिल्यानं थोडक्यात आटोपलं. दुसरा लेस्टर होता. लेस्टर म्हणजे गोष्टीत गोष्ट. त्याच्या आजोबांनी ह्याच सभागृहात कुत्र्यांच्या कराविरुद्ध केलेलं भाषण, मग तो कुत्रा, मग त्या कुत्र्याची पिल्लं कुणाकुणाच्या घरी गेली. डोरीन त्याच्या पाठीकडे बघत उभी. आणि त्याच वेळी तळघरात कुणीतरी हंड्यांची झाकणं काढली. फरशीतल्या जाळ्यांतून वास वर आला. पाक, कांदा, चरबी. पुढच्या बाकावर नाकं हलली.

ऑरिनचं एक आहे. वर्षानुवर्षांचं. बीन्सचा वास वर आला की तो उठतो, पँट वर ओढतो आणि चर्चा बंद करायचा ठराव मांडतो. विषय कुठलाही असो. गाव हसतं, होय म्हणतं आणि जेवायला जातं. पोरं त्याची नक्कल करतात. ती आमची एक रीतच आहे म्हणा ना.

लेस्टर पिल्लांवरून एकदाचा खाली बसला. डोरीननं माइककडे पाऊल टाकलं. हॉलिसनं तिचं नाव घ्यायला तोंड उघडलं, आणि ऑरिन उठला.

"बास झालं आता. चर्चा बंद करा, मतं घ्या!"

"पाठिंबा!" दहा ठिकाणांहून.

आणि गाव हसलं. सवयीनं.

हॉलिसचा चेहरा पांढरा पडला. त्यानं ऑरिनकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि शेवटी, इतकी वर्षं सगळं गाव जिच्याकडे बघत आलं तिच्याकडेच पाहिलं. "डोरीन... हे... चालतं का? तू रांगेत असताना?"

तिचा हात माइकवर होता. अजून पुकारा झाला नव्हता. नाव पुकारलं असतं तर कुणाच्या बापाला तोडता आलं नसतं. नुसतं रांगेत उभं असणाऱ्याला नियम ओळखत नाही. हे तिनंच आम्हाला शिकवलेलं, इतक्या वेळा की लेस्टरलासुद्धा पाठ. 'नाही चालत' असं ती म्हणाली असती तर हॉलिसनं सुटकेचा श्वास सोडला असता आणि कुणीही चूं केलं नसतं.

"चालतं," डोरीन म्हणाली. "ह्या ठरावावर चर्चा नाही. दोन तृतीयांश लागतात. घे मतं."

"बाजूचे?"

"होय!" पुढचे भुकेनं ओरडले, मागच्या आया घड्याळ बघून ओरडल्या. गाव आयुष्यात पहिल्यांदा एका सुरात बोललं असेल.

"विरुद्ध?"

"नाही," डोरीन म्हणाली. एकटी. माइकवरचा हात न काढता म्हणाली, त्यामुळे ते सगळीकडे ऐकू गेलं. वेंडेलनंही म्हटलं, पण तो खोकल्यासारखं बोलतो.

मग कागदी मतं घ्या अशी मागणी झाली. सगळे रांगेनं जुन्या लाकडी पेटीत चिठ्ठ्या टाकून आले. डोरीनही टाकून आली. कारकुनानं मोजल्या. नोएलचा विषय थोडक्या मतांनी मंजूर झाला. मागं टाळ्या, पुढं काही नाही. जोसेट आणि तिच्या मैत्रिणी कोटाची बटणं लावत, पळत गाड्यांकडे गेल्या. त्यांनी बीन्स चाखल्यासुद्धा नाहीत.

तळघरात ऑरिन ताट घेऊन उभा होता. दुसरं वाढप चाललं होतं. डोरीन हातात नुसती कॉफी घेऊन आली तेव्हा तो म्हणाला, "आपण हरलो गं, डोरीन. वाईट झालं. तू बोलायला पाहिजे होतंस."

डोरीननं त्याच्याकडे पाहिलं. "मी बोलणारच होते, ऑरिन."

"मग?"

"मग तुला भूक लागली."

त्याचा चमचा हवेत राहिला. डोक्यात काहीतरी हळूहळू फिरत असल्यासारखं तोंड झालं. "म्हंजी... ते मी... अगं पण मी तर दरवर्षीच म्हणतो की!"

"हो. दरवर्षी."

"तू थांबवायचं न्हाई का मला? हॉलिस तुलाच इचारत हुता!"

"नियमात होतं."

"घाल चुलीत तो नियम!" ऑरिन ओरडला. मग आवाज एकदम खाली आला. "आणि पुढल्या वर्षी? सभा न्हाई तर ह्या बीन्स कुणासाठी करायच्या?"

हंड्याशी उभ्या बायका पळी हातात धरून तशाच राहिल्या. डोरीन कॉफी तशीच ठेवून जिन्यानं वर आली. वेंडेल मागोमाग निघाला होता, तिनं हातानं थांबवलं.

वर रिकाम्या सभागृहात नोएल एकटी बसली होती, बाकावर पाय घेऊन. डोरीनला बघून तिनं पाय खाली सोडले.

"बाई, तुम्ही काय बोलणार होतात?"

"आता काय त्याचं."

"मला ऐकायचं होतं. खरंच. ऑरिनकाका उठले तेव्हा मी 'नाही' म्हणायला हवं होतं. पण आईला उशीर होत होता."

डोरीन खुर्चीच्या पायरीवर बसली. चट्टे आता नुसते गळ्यावर नाहीत, हनुवटीपर्यंत आले होते. "सभा शनिवारी घ्यायची. दुपारी. पोरं सांभाळायची सोय करायची. तुझी आई आली असती आणि बोलणंही राहिलं असतं. एवढंच. दोन मिनिटांचं काम होतं."

नोएलनं विचार केला. तिची ती सवयच, विचार केल्याशिवाय मान डोलवायची नाही. "आईला एक शनिवार सोडून एक शनिवार पाळी असते, बाई."

"हो का."

"पण बाबा घरी असतात शनिवारी. बाबा आले असते." मग म्हणाली, "तुम्ही हे आधी का नाही सांगितलंत? मी अर्ज घेऊन फिरत होते तेव्हा? मी शनिवारसाठीच सह्या घेतल्या असत्या."

"मी अध्यक्ष होते."

"वर्गात तर नव्हतात."

खालून ताटं धुतल्याचा आवाज येत होता. डोरीन उठली, हॉलिसनं टेबलावर टाकलेली हातोडी उचलली, उलटीसुलटी करून पाहिली, जणू त्यानं तिला काही केलंय.

जेवणानंतर निम्मं गाव गेलं होतं. दरवर्षीच जातं. उरलेले पेंगुळलेले, तृप्त. ऑरिन होता, मान खाली घालून. डोरीननं ग्रेडरचा विषय वाचून दाखवला. गावानं नवा ग्रेडर घ्यावा का. आवाज तोच, थंड.

"ह्यावर चर्चा?"

कुणी बोललं नाही. एरवी ती मनात तीन मोजते आणि मतं घेते. आज ती थांबली. थांबली ती थांबलीच. बाक करकरले. हॉलिसनं टाय सैल केला. बाजूनं कुणीतरी हळूच म्हणालं, "घ्या की आता मतं." डोरीननं हातोडी उचलली नाही. गळा लाल, हात टेबलावर, नजर मागच्या रिकाम्या बाकांवर.

"मी विचारलं," ती म्हणाली, "चर्चा आहे का?"

ऑरिननं मान वर केली. उठावं की उठू नये असं त्याचं झालं. पँट वर ओढली, आणि मग त्या ओढण्यानं काय होतं हे आठवून तसाच खाली बसला.

शेवटी मधल्या बाकावरून नोएल उठली. "अध्यक्षबाई, जुना ग्रेडर दुरुस्त होत नाही, हे कुणी ठरवलं?"

"उभी आहेस ना नीट?" डोरीन चिडून म्हणाली. "मग मोठ्यानं बोल. मागच्यांना ऐकू आलं पाहिजे."

मागं कुणीच नव्हतं. तरी पोरगी मोठ्यानं बोलली.